नानांच्या गावात, चेहऱ्यांच्या शोधात

आंबेतच्या पुलावरून सावित्री ओलांडली की रायगड जिल्हा संपतो. पलीकडचं पहिलं गाव म्हाप्रळ. तिथून रस्ता खाडीची संगत सोडतो आणि जांभ्याच्या सड्यावरून वर चढत मंडणगडला पोहोचतो. रत्नागिरी जिल्ह्याचं हे उत्तर टोक. दापोली-मुरुडकडे निघालेली बहुतेक मंडळी इथे चहापुरती थांबतात आणि पुढे जातात. गावाच्या डोक्यावर गड आहे. वर तळी आहेत, गणपतीचं देऊळ आहे, दर्गा आहे, गवतात पडलेली तोफ आहे. याच तालुक्यात आंबडवे आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. आणि तालुक्याच्या पश्चिम कडेला, डोंगर उतरून समुद्राशी गेलं की वेळास. ते नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचं गाव.

मला वेळासला जायचं होतं ते एका चेहऱ्यासाठी. मी माणसांचे चेहरे काढते. कोळसा, पेन्सिल, कधी जलरंग. कुठल्या कलाशाळेत गेले नाही, कुणाच्या हाताखाली बसले नाही. त्यामुळे आपापलं शिकून व्यक्तिचित्रं काढणारी माणसं, त्यातही बायका, पूर्वी कशा शिकल्या असतील याचं मला फार कुतूहल आहे. त्या कुतूहलाची एक वाट वेळासवरून जाते.

मंडणगडहून वेळासचा रस्ता वळणांचा. काजू, आंबा, ऐनाची झाडं, मध्येच उघडा कातळ. शेवटच्या उतारावर एकदम नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात आणि त्यांच्यामागे सुरूचं बन, त्यामागे समुद्र. हल्ली वेळास म्हटलं की लोकांना कासवं आठवतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ साली इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं, गावकऱ्यांनी ते आपलं मानलं, आणि आता फेब्रुवारी-मार्चपासून पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला माणसं येतात. घराघरांत त्यांची राहण्या-जेवणाची सोय होते. या व्यवस्थेचा मला झालेला फायदा असा, की एरवी अनोळखी बाईला ज्या ओटीपलीकडे शिरता आलं नसतं, तिथे स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं. चेहरे काढणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी सवलत नाही.

गावात नानांचं स्मारक आहे, पुतळा आहे. पुतळ्यावरून माणूस कळत नाही. पण हा चेहरा आपल्याला आधीपासून ओळखीचा असतो. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात पाहिलेला, उभट, बारीक, गालफडं बसलेली, डोळ्यांत सावध शांतता. पेशवाईतल्या किती माणसांचा चेहरा आपण असा डोळे मिटून आठवू शकतो? फार थोड्यांचा. नानांचा आठवतो, कारण तो समोर बसवून काढलेला आहे.

काढणारा होता जेम्स वेल्स. स्कॉटलंडच्या पीटरहेड नावाच्या बंदरगावात १७४७ साली जन्मलेला. ॲबर्डीनच्या कॉलेजात थोडं शिक्षण झालं. चित्रकला मात्र बहुतेक स्वतःची स्वतः शिकला. लंडनला गेला, तिथल्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनांत त्याची चित्रं लागली, पण नाव असं झालं नाही. १७९१ साली तो मुंबईत उतरला. पुण्यात तेव्हा इंग्रजांचा वकील होता चार्ल्स वॉर मॅलेट. त्यानं वेल्सला पुण्यात आणलं, दरबारात ओळख करून दिली. १७९२ साली वेल्सनं सवाई माधवराव आणि त्यांच्या शेजारी बसलेले नाना असं मोठं तैलचित्र केलं. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. महादजी शिंद्यांचं चित्रही त्यानंच केलं. मॅलेटच्या खटपटीनं शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, आणि गंगाराम तांबट हा पुण्याचा कारागीर वेल्सच्या सोबतीनं वेरूळची लेणी, कुस्तीगीर, गेंडा असं काय काय काढू लागला. तांबटाची ती रेखाटनं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

म्हणजे नानांचा जो चेहरा महाराष्ट्रानं जपला, तो एका स्वयंशिक्षित चित्रकाराच्या हातचा आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. पण त्याच्याबरोबर दुसरी गोष्टही दिसते. वेल्सला शिकवणारा गुरू मिळाला नसेल, पण त्याला जहाजात बसून पृथ्वी ओलांडता आली, वकिलाची चिठ्ठी मिळाली, पेशव्यासमोर फळी मांडून तासन्‌तास बघत बसता आलं. व्यक्तिचित्र शिकायला कागद-रंगांपेक्षा आधी लागतो तो समोर बसणारा माणूस. तो कोण बसणार, किती वेळ बसणार आणि त्याच्याकडे टक लावून पाहायची मुभा कुणाला, यावर सगळं ठरतं.

नानांच्या घरातल्या बायकांचंच पाहा. नाना १७६१ साली पानिपतावर होते तेव्हा त्यांना एकोणिसावं वर्ष चालू होतं. आई बरोबर होती. पळापळीत ती हरवली ती हरवलीच. हे नानांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. नऊ लग्नं झाली. १३ मार्च १८०० ला नाना गेले तेव्हा मागे राहिलेली जिऊबाई अवघी नऊ-दहा वर्षांची होती. तिला लोहगडावर नेऊन ठेवलं गेलं; पुढे इंग्रज सेनापती वेलस्लीच्या मध्यस्थीनं तिला वर्षाला १२,००० रुपयांची नेमणूक मिळाली; उत्तरायुष्य वाईजवळच्या मेणवलीत, नानांच्या वाड्यात गेलं आणि १८५४ साली ती वारली. पेशवाई बुडताना, इंग्रजी अंमल बसताना, रेल्वे यायच्या वेळेपर्यंत जगलेली ही बाई. मेणवलीच्या वाड्यात भिंतींवर चित्रं आहेत, देवादिकांची आणि दरबारी थाटाची. त्या भिंतींमध्ये जिऊबाईनं कितीतरी वर्षं काढली असतील. तिच्यासमोर कुठला वेल्स फळी मांडून बसणार? परक्या पुरुषानं तिच्याकडे पाहायचीच सोय नव्हती. ज्यांना पाहता आलं असतं त्या घरातल्याच दुसऱ्या बायका, आणि त्यांच्या हातात रांगोळीची चिमूट होती, कुंचला नव्हता.

वेल्सनं पुण्यात एका बाईचं चित्र काढलं आहे. तिचं नाव अंबर कौर. ती मॅलेटच्या घरात राहणारी, त्याच्या मुलांची आई. लग्नाची बायको नव्हती, म्हणून ती चित्रकारासमोर बसू शकली. तिची मान, तिचे दागिने, तिची नजर आपल्याला आज पाहायला मिळते, आणि त्याच शहरातल्या, त्याच वर्षांतल्या कुलवंत घरच्या हजारो बायकांची मिळत नाही. 

बायकांनी चित्र शिकण्याचा प्रश्न विलायतेतही सुटलेला नव्हता. १७६८ साली रॉयल अकॅडमी स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत दोन बायका होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. त्या अकॅडमीच्या सभासदांचं एक चित्र योहान झोफनीनं केलं आहे. हा झोफनी पुढे हिंदुस्थानातही येऊन गेला. चित्रात पुरुष सभासद नग्न पुरुष-मॉडेलभोवती जमलेत. या दोघी कुठे आहेत? भिंतीवर. टांगलेल्या चौकटींत, चेहऱ्यापुरत्या. कारण नग्न देह पाहून रेखाटन करण्याच्या वर्गात बाईनं बसणं असभ्य. त्यानंतर तिथे पूर्ण सभासद म्हणून पुढची बाई निवडून यायला १९३६ उजाडलं. ती लॉरा नाइट.

या बंदीचा परिणाम सरळ आहे. नग्न देहाचा अभ्यास नाही म्हणजे शरीररचना कळत नाही. शरीररचना कळत नाही म्हणजे युद्ध, पुराण, इतिहास असे तेव्हा वरच्या दर्जाचे समजले जाणारे विषय हाती घेता येत नाहीत. उरतात फुलं, फळं आणि चेहरे. बाप किंवा भाऊ चित्रकार असेल तर घरात शिकायचं, नसेल तर आपलं आपण. जुन्या काळातल्या चित्रकर्त्यांत व्यक्तिचित्रं काढणाऱ्या इतक्या का, याचं मूळ इथे आहे. चेहऱ्याला कपडे उतरवावे लागत नाहीत आणि चेहरे घरात असतातच.

मला ज्या बाईची वेळासला सारखी आठवण होत होती ती इथून फार लांबची. रूथ हेनशॉ बॅस्कम. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात, लेस्टर नावाच्या गावी १७७२ साली जन्मली. म्हणजे वेल्स पुण्यात नानांचं चित्र रंगवत होता तेव्हा ही विशीची. वयाच्या सतराव्या वर्षी, १७८९ साली, तिनं रोजनिशी लिहायला घेतली आणि १८४६ पर्यंत, सत्तावन्न वर्षं, ती चालू ठेवली. हवा कशी होती, काय शिवलं, कोण आलं, कुणाच्या मयताला गेले. मुलांना शिकवायची, टोप्या शिवायची. पहिला नवरा लवकर गेला. दुसरा धर्मोपदेशक होता. पाद्र्याची बायको म्हणजे गावातल्या प्रत्येक घरात जाणं-येणं. बारसं, आजारपण, लग्न, दुखवटा.

या बाईनं आयुष्यात हजारावर माणसांची चित्रं काढली. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं सावलीला शिक्षक केलं. माणसाला एका बाजूनं बसवायचं, पलीकडच्या भिंतीवर कागद, अलीकडे उजेड. कागदावर चेहऱ्याची सावली पडते. तिच्या कडेनं रेघ ओढली की कपाळ, नाक, ओठ, हनुवटी खऱ्या आकाराची मिळते. मग आतला भाग पेस्टलच्या खडूंनी भरायचा. म्हणून तिची सगळी माणसं एका बाजूला पाहणारी आणि जवळजवळ माणसाएवढी मोठी. कधी डोकं वेगळ्या कागदावर काढून, कापून, रंगवलेल्या पार्श्वभूमीवर चिकटवलेलं. आणि चष्मा असेल किंवा मण्यांची माळ असेल तर ती रंगवायची नाही, चमचमता धातूचा पातळ कागद कापून लावायचा. पैसे तिनं फारसे कुणाकडून घेतले नाहीत. शेजारी, पुतणे, भाचे, गावातली म्हातारी माणसं. ज्यांना शहरातल्या चित्रकारानं कधी काढलं नसतं ती सगळी तिच्या कागदावर बसली. रोजनिशी आता वूस्टर गावी, अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीत आहे.

ही रीत मी पुष्कळदा वाचली होती. वेळासला ती करून पाहायची संधी आली. मी उतरले होते त्या घरी आजी होत्या, जाड काचांचा चष्मा, पाठीत थोड्या वाकलेल्या, दिवसभर पडवीत सुपाऱ्या निवडत बसणाऱ्या. सून घर चालवते, पाहुण्यांचं जेवण बघते. नात पाचवीत. रात्री घावन झाले, भांडी आवरली, तेव्हा मी आजींना म्हटलं, तुमचं चित्र काढू का?

"अगो, माझं कसलं काढत्येस? हिचं काढ. माझ्या तोंडात दात आहेत का?"

"दात दिसायचे नाहीत, आजी. नुसती सावली काढायची."

सावली म्हटल्यावर त्या तयार झाल्या. मुद्दा बहुधा हा होता, की सावलीसाठी नटावं लागत नाही. पडवीच्या चुन्याच्या भिंतीवर मी पुठ्ठ्याच्या रंगाचा मोठा कागद चिकटवला. आजींना पाटावर, भिंतीला खांदा लागेल इतकं जवळ बसवलं. दिवा पडवीच्या दुसऱ्या टोकाला. इथे एक गोष्ट हाताला कळते, वाचून कळत नाही. माणूस भिंतीपासून जितका दूर तितकी सावली फुगते आणि कडा पुसट होतात. माणूस भिंतीला खेटून आणि दिवा लांब, की सावली जवळजवळ मापात उतरते आणि कड चाकूसारखी. पण इतक्या जवळ माणूस असला की रेघ ओढणाऱ्याचा हात दिव्याच्या वाटेत येतो आणि स्वतःच्या हाताची सावली त्याच्या नाकावर पडते. म्हणून बाजूनं, अवघडून, कोपर वर धरून काढावं लागतं. रूथबाईंचे खांदे किती दुखले असतील याचा अंदाज मला त्या पडवीत आला.

आजी स्थिर बसेनात. आत दूध उतू जाईल का, मांजर आलं का, सगळीकडे लक्ष. शेवटी सुनेनं युक्ती केली. तिनं आजींना त्यांच्या माहेराबद्दल विचारलं. खाडीपलीकडे, बागमांडल्याच्या बाजूला. आजी बोलू लागल्या आणि मान आपोआप एका दिशेला थांबली. कपाळाची रेघ सरळ आली. नाकाच्या शेंड्याशी थोडी तुटली. हनुवटी बोलण्याबरोबर हलत होती, तिच्या दोन-तीन रेघा पडल्या, त्या मी तशाच ठेवल्या. कानाची पाळी लांबलेली, सोन्याच्या ओझ्यानं. ती सावलीत दिसली नाही. दिवा उचलून समोर आणला तेव्हा दिसली आणि नंतर भरली.

मी रूथबाईंच्या चष्म्याची गोष्ट सांगितली तशी नात उठली आणि दप्तरातून चॉकलेटची चांदी घेऊन आली. नखानं घासून घासून तिनं ती सपाट केली, कात्रीनं बारीक पट्टी कापली, भाताच्या शितानं आजीच्या कागदी डोळ्याशी चिकटवली. चिकटवताना पट्टी थोडी वर गेली, चष्मा भुवईवर बसला. आजींनी खरा चष्मा काढला, हातात धरला, कागदाच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तर माझी आई."

त्यांच्या आईचा एकही फोटो घरात नव्हता, हे मला नंतर सुनेनं सांगितलं. आजी आईच्या तोंडावळ्याच्या होत्या हे गावात सगळे म्हणायचे, पण आजींनी स्वतःला कधी बाजूनं पाहिलं नव्हतं. आरशात माणूस समोरून दिसतो. आपली बाजू आपल्याला दुसऱ्यानं काढून दाखवावी लागते.

आपल्या देशात या वाटेनं गेलेल्या बाईचं नाव सांगायचं तर मंगलाबाई तंपुराट्टींचं. केरळातल्या किळिमानूरच्या राजघराण्यातल्या, राजा रविवर्म्याच्या धाकट्या बहीण. रविवर्मा मराठी माणसाला परका नाही. बडोद्याच्या गायकवाडांसाठी त्यानं पुराणप्रसंग रंगवले, १८९४ साली घाटकोपरला छापखाना काढला, तो पुढे मळवलीला हलवला. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या देवघरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तो स्वतःही तैलचित्र रीतसर शिकला नाही. त्रावणकोरच्या दरबारात आलेला थिओडोर येन्सन काम करताना पाहत पाहत, चुकत चुकत शिकला. पण पाहायला का होईना, तो दरबारात जाऊ शकला. धाकटा भाऊ राजराजवर्मा त्याच्या बरोबर देशभर फिरला, चित्रं काढत. मंगलाबाई घरी होत्या. घरात भावांच्या चित्रशाळेत जे दिसेल ते पाहायचं, उरलेल्या वेळात हात चालवायचा. प्रदर्शन नाही, गिऱ्हाईक नाही, मुंबई-बडोद्याचे प्रवास नाहीत.

आणि या बाईनं चित्र काढलं ते भावाचंच. तिनं केलेलं रविवर्म्याचं व्यक्तिचित्र तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा आर्ट गॅलरीत आहे. साऱ्या हिंदुस्थानच्या राजेरजवाड्यांना समोर बसवणारा चित्रकार इथे स्वतः बसला आहे, बहिणीसमोर. तिला दुसरा कोण मिळणार होता, हे खरंच. पण ज्या माणसाला ती लहानपणापासून पाहत आली त्याच्याकडे पाहण्याची तिची जागा कुठल्याही दरबारी चित्रकाराला मिळाली नसती. मला वेल्सच्या नानांपेक्षा हे चित्र जवळचं वाटतं ते यामुळे. वेल्सचे नाना परक्यासमोर बसलेत, जपून.

मुंबईचं जे.जे. स्कूल १८५७ साली सुरू झालं. तिथून १९३१ साली जी.डी. आर्ट झालेल्या अंबिका धुरंधर या तिथली पदविका घेणाऱ्या पहिल्या मोजक्या बायकांतल्या एक. त्यांच्या आधी चौऱ्याहत्तर वर्षं कलाशाळा होती आणि त्या काळात मराठी घरांत हात चालणाऱ्या मुली नव्हत्या असं मी मानणार नाही. कोकणातल्या घरांत गौरीचे मुखवटे रंगवले जात, भिंतीवर चितारणी होई, कशिद्यात पोपट-मोर उतरत. सासूच्या नाकाचा बाक मात्र कुणी काढला नाही. काढायचा असतो, काढता येतो, हे सांगणारं कुणी आजूबाजूला नव्हतं. अंबिकाबाईंना घरातच वडील होते, रावबहादूर म. वि. धुरंधर. घरात चित्रकार पुरुष असणं हीच पुष्कळदा बाईची शाळा ठरली, कॉफमनपासून धुरंधरांपर्यंत. ज्यांना तेही नव्हतं त्या रूथसारख्यांचं काम म्हणून मला जास्त धाडसाचं वाटतं.

वेळासहून बाणकोट जवळ आहे. समुद्राला धरून रस्ता, मग खाडीच्या तोंडावर टेकडीवरचा किल्ला, हिम्मतगड. काळ्या-जांभळ्या दगडाची तटबंदी, दरवाज्यावरचं नक्षीकाम, बुरुजावर उभं राहिलं की समोर सावित्रीची खाडी समुद्राला मिळताना आणि पलीकडे हरिहरेश्वरचा डोंगर. तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि १७५६ च्या तहानं तो त्यांच्याकडे राहिला. कोकणच्या किनाऱ्यावर मुंबई बेटाबाहेर इंग्रजांनी जी पहिली ठाणी धरली त्यांतलं हे एक. त्यांनी त्याला नाव दिलं फोर्ट व्हिक्टोरिया. राणी व्हिक्टोरियाशी त्याचा संबंध नाही, ती जन्मली १८१९ साली.

बाणकोटला एका इंग्रज बाईचं स्मारक आहे. सोफिया, मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी आर्थर मॅलेट याची बायको. या खाडीच्या तोंडाशी बोट बुडून ती आणि तिची तान्ही मुलगी गेल्या. महाबळेश्वरच्या आर्थर सीटला याच आर्थरचं नाव आहे, जिच्या पाण्यात बायको-मुलगी गेल्या त्या सावित्रीच्या उगमाकडे पाहत तो तिथे बसे, अशी कथा सांगतात. ही घटना १७९१ सालची म्हणून सर्रास सांगितली जाते, ती चूक आहे, आणि चूक कळण्याचा मार्ग पुन्हा आपल्या चित्रकाराकडेच नेतो.

आर्थर हा चार्ल्स वॉर मॅलेटचा मुलगा. पुण्याचा तोच वकील, ज्यानं वेल्सला नानांसमोर बसवलं. वेल्स मुंबईजवळची लेणी रेखाटता रेखाटता तापानं आजारी पडून १७९५ साली साष्टीत वारला. मागे मुली राहिल्या. त्यांतल्या थोरल्या सुसानाशी मॅलेटनं विलायतेला परतल्यावर १७९९ साली लग्न केलं. त्यांना आठ मुलगे झाले. त्यांतला आर्थर १८०६ चा. १७९१ साली त्याच्या आईबापांचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ ह्यू मॅलेट, ठाण्याचा कलेक्टर, त्यानं १८५० साली माथेरान शोधलं म्हणतात तो. म्हणजे बाणकोटच्या स्मारकातली सोफिया ही जेम्स वेल्सची नातसून. वेळासच्या घराण्यातल्या माणसाचा चेहरा काढणाऱ्याच्या नातवाचा संसार वेळासपासून काही मैलांवर बुडाला. मी ही वंशावळ घरी बसून जुळवली होती. तिथे उभं राहून, एका नजरेत वेळासची बाजू आणि खाडीचं तोंड बघताना ती खरी वाटली.

सुसानाच्या आयुष्याचा विचार करा. बाप व्यक्तिचित्रकार, नवरा त्याचा आश्रयदाता. अंबर कौर ज्या माणसाच्या घरात राहिली, त्याच माणसाशी सुसानाचं लग्न झालं. अंबर कौरच्या चेहऱ्यावर सुसानाच्या बापानं रंग चढवला होता. या दोन बायकांना जोडणारी वस्तू एक चित्र आहे. वेल्सच्या रोजच्या कामाबद्दल, मॅलेटच्या मसलतींबद्दल कागद सापडतात. रूथ बॅस्कमसारखी सत्तावन्न वर्षांची रोजनिशी या दोघींपैकी एकीनं ठेवली असती तर पुण्याच्या त्या दहा वर्षांचा इतिहास आपण निराळा वाचला असता.

बाणकोटच्या खाली वेसवीची जेटी आहे. तिथून फेरीबोट पलीकडे बागमांडल्याला जाते. मोटारी, दुचाक्या, माणसं, माशांच्या टोपल्या, सगळं एका फळीवर. श्रीवर्धन, हरिहरेश्वरकडे जाणाऱ्यांना हीच सोयीची वाट. पेशव्यांचे भट श्रीवर्धनचे, नानांचे भानू वेळासचे, मध्ये एवढीच खाडी. सिद्दीच्या जाचामुळे दोन्ही घराणी घाटावर गेली आणि पुढे शतकभर पुण्याच्या कारभारात एकमेकांशी बांधली गेली. नानांचे आजोबा बाळाजी महादेव पेशवे बाळाजी विश्वनाथांच्या बरोबर दिल्लीला गेले होते, १७१९ साली तिथल्या दंग्यात मारले गेले.

वेळासची नात निघताना माझ्याजवळ उरलेला कागद मागायला आली होती. सगळा देऊन टाकला. तिनं दिव्याला काय जागा द्यायची ते नीट विचारून घेतलं, माझा हात आडवा येत होता हे तिच्या लक्षात आलेलं होतं, आणि तिचं म्हणणं पडलं की डाव्या हातानं काढलं तर तो आडवा येणार नाही. ती डावरी आहे. आधी आईला बसवणार, मग शेजारच्या काकूंना. बाबा मुंबईहून शिमग्याला येतील तेव्हा त्यांना. आई म्हणत होती, मला वेळ कुठे आहे बसायला. त्यावर आजी आतून ओरडल्या, भाजी निवडताना बस, हात चालू दे, तोंड एका जागी ठेव म्हणजे झालं.